महालक्ष्मीपुढं न पेटलेला टेस्टर

रायपूरच्या चौबे कॉलोनीत दिवाकररावांच्या घरी देवघराखाली एक खण आहे. त्यात उदबत्तीचा पुडा, वातींचा डबा आणि घंटा यांच्या शेजारी पिवळ्या मुठीचा एक टेस्टर ठेवलेला असतो. मित्रांनो, तो जुना टेस्टर म्हणजे मीच. देवघरात माझं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पहिले काही दिवस मलाही तसंच वाटलं होतं. अवजारांच्या पिशवीत पक्कड आणि हातोडीच्या गर्दीत चाळीस वर्षं काढली आणि एकदम कापराच्या वासात येऊन पडलो. पण ही जागा मी कमावलेली आहे. ती कशी कमावली हे सांगताना माझी छाती थोडी फुगली, तर चालवून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथं लांब टेबलाशी बायका बसत. एक जण पोलादी पातं मुठीत ठोकायची, दुसरी आत एक बारीक दिवा सोडायची, तिसरी स्प्रिंग घालून वर पितळी टोपी फिरवायची. शेवटी एक मावशी होत्या. त्या प्रत्येकाला चालू तारेला लावून बघत. पेटला तो खोक्यात, नाही पेटला तो बादलीत. माझ्या आधीचे दोघे बादलीत गेले. मी मात्र असा लखलखीत पेटलो की मावशींनी मला पुन्हा एकदा लावून बघितलं. ती माझी पहिली शाबासकी.

मला दोनच गोष्टी सांगता येतात: वीज आहे, किंवा वीज नाही. तुम्ही म्हणाल, एवढंच? पण जरा आजूबाजूला बघा. एवढं तरी नेमकं सांगणारे किती जण सापडतात? आणि माझा दिवा पेटतो कसा, हेही नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. वीज माझ्या पात्यातून वर येते, दिव्यातून जाते आणि टोपीवर ठेवलेल्या बोटातून माणसाच्या अंगात शिरते. तिथून त्याच्या पायांवाटे जमिनीत जाते. ती इतकी थोडी असते की त्या माणसाला कळतही नाही. म्हणजे पेटायला मला एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला जमीन लागते.

मला विकत घेतलं ते बाबारावांनी. ते रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात विजेचे मिस्त्री होते, मूळचे वर्ध्याचे. त्यांच्या हाताखाली विशीतले दिवाकरराव नवीनच लागले होते. बाबारावांनी मला त्यांच्या खिशाला अडकवलं आणि म्हणाले, "पोट्ट्या, टेस्टर हातात घेतला का दोन कामं करायची. पहिले याले चालू बोर्डाले लावून पाह्यचं, का हा जिता हाय का मेला. मंग खाली पाह्यचं, का आपण कशावर उभे हावो. तिसरं काम विजेचं." दिवाकररावांनी मान डोलावली. पुढं जवळजवळ चाळीस वर्षं ते रोज या दोन गोष्टी करत होते. फक्त एकदा विसरले. त्या एकदाचीच ही कहाणी आहे, पण तिच्याआधी माझे दोन-तीन पराक्रम ऐकावेच लागतील.

ड्यूटी संपली की दिवाकररावांना लोकांची बोलावणी यायची. कुणाकडे पंखा, कुणाकडे मोटर. आणि काही घरी भलतंच काही. उरला औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलच्या मागं कामगारांची वस्ती आहे. तिथली हापशी पाणी भरायला आलेल्या बायांना चावायची. दांड्याला हात लावला की सणकन झटका. हापशीत कोणी बाई बसली आहे, असं लोक म्हणू लागले. दांड्याला लाल फडकं बांधलं, लिंबू-मिरची लटकली, आणि बिचाऱ्या बाया अर्धा कोस लांबून पाणी आणू लागल्या. दिवाकररावांनी मला दांड्याला लावलं आणि मी पेटलो. मागच्या शेडमधल्या वेल्डिंग यंत्राची तार जमिनीखाली सोलली गेली होती. तार बदलली. हापशीत बसलेली ती बाई कुठं गेली कोण जाणे, त्या दिवसापासून कुणाला भेटली नाही.

सदर बाजारातल्या एका कापडवाल्याचं शटर तर माणसं निवडून चावायचं. मालकाला झटका द्यायचं, नोकराला नाही. मालक घाबरून गेला होता, आपल्या हातून काही पाप घडलं का म्हणून. दिवाकररावांनी दोघांच्या पायांकडे बघितलं. मालक दुकान उघडताना भक्तीनं चपला काढून उंबऱ्याला हात लावायचा. नोकर रबरी चपलेत उभा असायचा. शटरमधली वीज दोघांसाठी सारखीच होती, ती वाट मात्र अनवाण्या पायांतूनच काढायची. मी पेटलो, शटरला टेकलेली बोर्डाची तार दुरुस्त झाली, आणि मालकाचं पाप धुतलं गेलं.

पण तिसरी गोष्ट सांगतो, ती माझ्या अभिमानाला जरा खाली बसवणारी आहे. आमच्याच कॉलोनीत शांताबाई नावाच्या एक बाई राहत. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. नवऱ्याच्या फोटोवर एक एलईडी बल्ब होता, आणि बटण बंद केलं तरी तो बारीक मिणमिणत राहायचा. शांताबाईंना वाटे, हे येतात. दिवाकररावांनी मला बल्बच्या होल्डरला लावलं. बटण बंद असूनही मी पेटलो. वायरिंग करणाऱ्यानं बटण भलत्याच तारेवर बसवलं होतं, म्हणून वीज तिथं सतत येत होती. हे ऐकून शांताबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजे हे नव्हते येत?"

दिवाकररावांनी मला खिशाला अडकवलं. मग म्हणाले, "काकू, बल्ब कशानं मिणमिणते तेवढं यानं सांगितलं. काका येतात का नाही, हे याले विचारता येत नाही." त्यांनी तार दुरुस्त केली, आणि तिथं रात्रभर जळणारा एक छोटा लाल दिवा मुद्दाम लावून दिला. मी तेव्हा मनातून थोडा चिडलो होतो. मला न विचारता येण्यासारखं काही आहे, हेच मला पटत नव्हतं. आता पटतं.

मग माझे वाईट दिवस आले. बाजारात नवे टेस्टर आले, तारेजवळ नेलं की दुरूनच चूं चूं करणारे. दिवाकररावांनीही एक घेतला. मला कुणी रंगाचे डबे उघडायला वापरलं, कुणी पेच पिळायला. माझं पातं टोकाशी वाकलं, मुठीला चीर गेली. चित्राबाईंनी, म्हणजे दिवाकररावांच्या पत्नींनी, तर एकदा माझ्यानं नारळाचा डोळा फोडला. ते मी अजून विसरलेलो नाही. दिवाकरराव निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी फ्रिजवरच्या पिशवीत पडून होतो.

त्याच वर्षी घरात नवी सून आली. तिचं नाव सोनिया, माहेर धमतरीकडच्या एका खेड्यातलं, छत्तीसगढी. ती डाकघरात काउंटरवर काम करायची आणि दिवाकररावांचा मुलगा पराग तिथं पार्सलं टाकायला जायचा. इतकी पार्सलं तो कुणाला पाठवत होता, हे घरच्यांना फार उशिरा कळलं. चित्राबाईंचा या लग्नाला आधी विरोध होता. मग तो मावळला, पण पुरता गेला नव्हता. सोनिया मराठी समजायची, बोलायला गेली की अर्ध्यात हिंदीवर यायची. पण शिकायची जिद्द मोठी. भाद्रपदात महालक्ष्म्या येणार म्हणून ती महिनाभर आधीपासून आरती पाठ करत होती.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या अमरावतीहून आलेल्या. दोन बहिणी, थोरली आणि धाकटी. पितळेचे मुखवटे आणि पत्र्याच्या पोकळ कोथळ्या. कोथळी म्हणजे देवीचं धड. तिच्यात धान्य भरतात, बाहेरून साडी नेसवतात आणि वर मुखवटा बसवतात. चित्राबाईंनी हे अडतीस वर्षं कधी चुकवलं नव्हतं. त्यांच्या घरात एक पक्का नियम होता. महालक्ष्म्यांचा थाट मांडला की त्यांच्यापुढं नुसत्या जमिनीवर उभं राहायचं नाही. पाटावर, नाहीतर सतरंजीवर. याला एकच अपवाद, मुखवटा घेऊन येणाऱ्या बाईचा. तिचे पाय दारात धुतात, पुसत नाहीत, आणि त्या ओल्या पायांनी फरशीवर कुंकवाची पावलं उमटवत ती आत येते.

त्या वर्षी परागनं मखराला झगमगत्या दिव्यांची नवी माळ लावली होती. वर दोन मोठे फोकसही. माळ घट्ट बसावी म्हणून त्यानं ती धाकटीच्या कोथळीमागून तारेनं आवळली होती. थोरलीचा मुखवटा चित्राबाईंनी बसवला. धाकटीचा मान नव्या सुनेचा. सोनिया हिरवी साडी नेसून, ओल्या पायांनी, मुखवटा दोन्ही हातांत धरून आली. डोळ्यांत इतका आनंद होता की तिला समोरची पावलंही धड दिसत नव्हती. तिनं मुखवटा कोथळीच्या गळ्यावर टेकवला आणि एकदम किंचाळून मागं झाली. मुखवटा फरशीवर पडला. देवीच्या नाकाला पोचा आला.

सगळे धावत पुढं आले. सोनिया हात झटकत म्हणाली, "करंट लगा, आई. सच में." नागपूरहून शर्मिष्ठाबाई आल्या होत्या, चित्राबाईंच्या मोठ्या जाऊबाई. त्यांनी पाटावर उभं राहून कोथळीला हात लावला. काही नाही. चित्राबाईंनी पाटावरून लावला. काही नाही. परागनं सतरंजीवरून वाकून लावला, त्यालाही काही नाही. शर्मिष्ठाबाई चित्राबाईंकडे वळल्या. "साऱ्यायले काही होत नाही अन् हिलेच काहून होते? देवीले हिचा हात मंजूर नाही, चित्रा. दुसरं काय."

तेव्हा दिवाकररावांना माझी आठवण झाली. चूं चूं करणारा टेस्टर बॅटरी संपून बंद पडला होता, म्हणून त्यांनी फ्रिजवरची पिशवी उपसली. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मला वाटलं, आता एका क्षणात या पोरीची सुटका करतो. पण दिवाकररावांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. मुखवटा पडल्यामुळे तेही आतून हादरले होते. त्यांनी मला बोर्डाला लावून बघितलं नाही. आधी देवीला हात जोडले, मग नियमाप्रमाणे पाटावर चढले, आणि तिथून मला कोथळीला लावलं.

सागाचा कोरडा, जाड पाट. त्यांच्या पायांना जमीन नव्हती आणि मला वाट नव्हती. मी पेटलो, मित्रांनो, खरंच पेटलो, पण केसभर. वरून दोन फोकस तळपत होते, माळ लुकलुकत होती. त्या झगमगाटात माझा केसभर उजेड कुणाला दिसणार? मी ओरडू शकत नाही. दिवाकररावांनी मला तीन ठिकाणी लावलं आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "करंट नाही."

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट वाक्य, आणि ते माझ्या नावावर बोललं गेलं. तोवर जी नुसती शर्मिष्ठाबाईंची शंका होती, ती आता सिद्ध झाली. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेल्या माणसानं तपासलं, टेस्टर पेटला नाही, मग राहिलं काय? परागनं तरी माळेचा प्लग काढला असता, पण वडिलांचा निकाल ऐकून त्यानंही हात मागं घेतला. चित्राबाईंनी पडलेला मुखवटा स्वतः पाटावरून बसवला आणि सोनियाला म्हणाल्या, "तू उद्याच्या सैपाकाले हात नको लावू. देवीपुढंही नको येऊ." त्या कठोरपणानं बोलल्या नाहीत. त्या घाबरल्या होत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

मला कुणी पुन्हा पिशवीत टाकलं नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून सगळे विसरले. म्हणून शर्मिष्ठाबाई दाराआड जे बोलल्या ते मी ऐकलं, आणि सोनियानंही ऐकलं. "खेड्यातली पोट्टी. तिकडं टोनही असतात म्हंते."

टोनही म्हणजे चेटकीण. नागपूरच्या बाईच्या तोंडी तो शब्द सहज आला असेल. पण सोनिया ज्या भागातली होती तिथं तो शब्द सहज नसतो. तिच्या मोठ्या काकीला एका साली लोकांनी तो शब्द चिकटवला होता. पाऱ्यातलं, म्हणजे वस्तीतलं, एक लेकरू तापानं गेलं आणि दोष काकीवर आला. काकीला रातोरात घर सोडावं लागलं आणि ती पुन्हा त्या पाऱ्यात कधी पाय ठेवू शकली नाही. सोनियानं रात्रीच्या जेवणासाठी निवडायला घेतलेली गवार खाली ठेवली. परागला बोलावून ती एवढंच म्हणाली, "कल जेवण हो जाए, फिर हम निकलेंगे. और मैं वापस नहीं आऊँगी." पराग उठला. त्यानं बॅग काढली.

दुसरा दिवस पूजेचा. सकाळपासून पुरणाचा, आंबिलीचा, सोळा भाज्यांचा घमघमाट सुटला होता. सोनिया स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून होती, कशाला हात न लावता. बॅग तिच्या पायाशी होती. दिवाकरराव पाणी प्यायला आले. सुनेशी काय बोलावं हे त्यांना सुचेना. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी मला उचललं आणि सवयीनं शेजारच्या चालू बोर्डाला लावलं. मी लख्ख पेटलो.

सोनियानं मान वर केली. "बाबा, इथं तर जळतो हा."

"हव," दिवाकरराव म्हणाले. "इथं करंट हाय ना."

"कल तुम्ही पाटावर होते," ती सावकाश, शब्द जुळवत म्हणाली. "आत्ता नीचे खडे आहात. पाटावरून पण असाच जळतो का?"

दिवाकरराव तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी जवळून बघत होतो. तो आधी रिकामा झाला, मग लाल झाला. त्यांनी स्वयंपाकघरातला जेवणाचा पाट पायानं ओढला, त्यावर चढले आणि मला पुन्हा त्याच बोर्डाला लावलं. दार उजेडाकडे उघडं होतं. माझा दिवा असा मंदावला की नसल्यातच जमा. ते खाली उतरले, मी लख्ख. चढले, गेलो. उतरले, लख्ख.

"बाबाराव मले जोड्यानं मारतील," ते पुटपुटले. सदर बाजारातलं ते शटर त्यांना आठवलं असणार, कारण मलाही तेच आठवत होतं. दुसऱ्याच्या पायांकडे बघून ज्यानं निदान केलं, तो आपल्या घरी देवीपुढं आपल्याच पायांकडे बघायला विसरला. भीती माणसाच्या हाताला अशी धरते, आणि हात चुकला की माझंही काही चालत नाही.

ते देवघरात गेले. आरतीसाठी सगळे जमले होते. दिवाकररावांनी दोन्ही फोकस बंद केले, खिडकीचा पडदा ओढला आणि देवीपुढचा पाट बाजूला सरकवला. सतरंजीही गुंडाळली. चित्राबाई दचकल्या. "हे काय करून राहिले? पाट काहून काढला? नुसत्या जमिनीवर उभे राहू नका."

"एक मिनिट राहू दे, चित्रा. देवी रागावली तर माह्यावर रागावू दे."

त्यांनी तळहात धोतराला घासून कोरडे केले, कोरड्या फरशीवर पाय टेकले आणि धाकटीच्या साडीची मागची बाजू जरा उचलून मला पत्र्याला लावलं. मी पेटलो. माझ्या आयुष्यात मी इतका कधी पेटलो नसेन. नारिंगी उजेड दिवाकररावांच्या अंगठ्यावर पडला आणि खोलीतल्या सगळ्यांनी तो पाहिला.

शर्मिष्ठाबाईंनी चटकन हात जोडले. "भाऊजी, हे तर तेज हाय देवीचं."

दिवाकररावांना हसू आलं. कालपासून पहिल्यांदाच. त्यांनी परागला खूण केली. परागनं माळेचा प्लग काढला, मी विझलो. लावला, मी पेटलो. पुन्हा काढला, पुन्हा विझलो. "वहिनी," दिवाकरराव म्हणाले, "देवीचं तेज प्लगवर नसते चालत." शर्मिष्ठाबाईंनी जोडलेले हात हळूच पदराखाली घेतले. मी मनात त्यांना एक सलाम ठोकला. माणसानं हार मान्य करावी ती अशी, गुपचूप.

प्लग काढून माळ सोडवली. कोथळीमागं जिथं ती आवळली होती तिथं वेष्टन नखाएवढं सोललं होतं. परागचीच करणी. तो खाली मान घालून उभा राहिला. चित्राबाईंनी ती सोललेली तार निरखून बघितली. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हंजे देवीनं काहीच नव्हतं सांगतलं?"

"देवी काय सांगते ते तुले माहीत, मी अडतीस वर्षं तुह्या पूजेत बोललो नाही," दिवाकरराव म्हणाले. "झटका तारेचा होता, एवढं हा सांगते. तिचे पाय ओले होते, आपण साऱ्यायचे पाटावर. वीज तिच्यातून गेली, आपल्यातून नाही. तिचा गुन्हा एवढाच का तिनं आपला रिवाज बरोबर पाळला."

चित्राबाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. मला वाटलं, त्या आता काहीतरी मोठं बोलतील. पण त्यांनी फक्त कोपऱ्यातला तांब्या घेतला आणि म्हणाल्या, "चाल, पाय पुढं कर." सोनिया स्टुलावरून उठली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग चित्राबाई खाली बसल्या, अडतीस वर्षांत ज्यांच्यावर कुणापुढं असं बसायची वेळ आली नव्हती त्या, आणि त्यांनी स्वतः तिच्या पायांवर पाणी घातलं. "माह्यी चुकी झाली, बेटा," त्या म्हणाल्या. "मी तुले पाह्यलंच नाही. नुसती भ्याली." मग त्यांनी पायाशी ठेवलेली बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

सोनियानं डोळे पुसले. पोचा आलेला मुखवटा उतरवून चित्राबाईंनी तिच्या हातात दिला. ओल्या पायांनी, कुंकवाची पावलं उमटवत ती पुन्हा आत आली. देवीपुढं पोचली आणि थांबली. सगळे वाट बघत होते. ती दिवाकररावांकडे वळून म्हणाली, "बाबा, पहले टेस्टर."

दिवाकररावांनी मला बोर्डाला लावलं. मी जिवंत होतो. मग त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं, आणि कोथळीला लावलं. मी पेटलो नाही. या वेळी केसभरही नाही. आयुष्यभर पेटण्याचा अभिमान बाळगणाऱ्या मला त्या दिवशी कळलं की न पेटण्यातही तेवढाच मान असतो, जर ते न पेटणं खरं असेल तर. सोनियानं मुखवटा टेकवला. कुणी किंचाळलं नाही. आरती सुरू झाली, आणि तिला ती पूर्ण पाठ होती.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. देवीच्या नाकाचा पोचा कुणी काढून घेतला नाही. चित्राबाई म्हणतात, राहू द्या, लक्षात राहते. मखरावर आता तेलाचे दिवेच असतात. तरीही दरवर्षी मुखवटा बसवण्याआधी सोनिया "पहले टेस्टर" म्हणते. दिवाकरराव मला पुढं करतात, मी पेटत नाही, आणि मगच देवी बसते. पहिल्या वर्षी शर्मिष्ठाबाईंनी तर मलाही हळदकुंकू लावलं. कुंकू माझ्या मुठीच्या चिरेत गेलं, दिव्यापुढं साचलं, आणि पुढं आठ दिवस मी पेटलो तरी कुणाला दिसेना. दिवाकररावांनी काडीनं ते कोरून काढलं आणि मला या खणात ठेवलं.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. माझी पूजा करू नका. मला कोरड्या फडक्यानं पुसा, माझ्यानं डबे आणि नारळ फोडू नका, आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय मला हात लावू नका. कुणी म्हणालं, अमक्या बाईच्या हाताला देव मानत नाही, तमक्या घरात कोणी बसलं आहे, तर त्या बाईवर किंवा त्या घरावर बोट ठेवण्याआधी मला बोलवा. मी जे सांगेन ते खरं सांगेन. आणि जे मला विचारता येत नाही, त्याबद्दल गप्प राहीन.

फक्त मला हातात घेतलंत की बाबारावांचं सांगणं विसरू नका. तपासण्याआधी एकदा खाली बघा, आपण कशावर उभे आहोत.